स्लिपवरचा दुसरा आकडा

“मगदूम आलाय,” खिडकीतून मागे सरत आई म्हणाली. “दार उघडू नकोस.”

बेल एकदा वाजून गेली होती. श्रावणातला सोमवार होता. मी शिकवते त्या कॉलेजला दुपारनंतर सुट्टी, म्हणून मी कोल्हापूरहून मिरजेला आले होते. आईचा उपास होता आणि संध्याकाळच्या पूजेची तयारी चालली होती. परातीत बेलाची पानं निवडून ठेवलेली होती.

“बरोबर कुणीतरी आहे,” मी म्हणाले.

“असू दे. वाजवून वाजवून जातील.”

बेल पुन्हा वाजली. मग पुन्हा. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला, तेव्हा मी उठले आणि कडी काढली.

सुकुमारकाका चौकटीला तळहात टेकवून उभे होते. दोन वर्षांत मी त्यांना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. चष्म्याच्या काचा जाड झाल्या होत्या. किल्लीच्या भोकातून खोली बघावी तशी मान हलवून हलवून ते माझा चेहरा शोधत होते.

“गिरिजा ना?”

“हो. या.”

त्यांच्या मागे पस्तिशीचा एक गृहस्थ होता, खांद्याला लॅपटॉपची बॅग. “मी बिडकर. पुण्याहून आलोय. तुमच्या वडिलांना, शेटे सरांना, भेटलो होतो मी पूर्वी. ऐकून फार वाईट वाटलं.”

काका उंबऱ्याला अडखळले. बिडकरांनी त्यांचा दंड धरून त्यांना खुर्चीपर्यंत आणलं. आई स्वयंपाकघरात निघून गेली. आमच्याकडे मीटर बघायला आलेल्या माणसालाही आधी पाणी देतात. त्या दिवशी तांब्या ओट्यावरच राहिला, आणि मीही तो आणायला उठले नाही.

सुकुमार मगदूम हे माझ्या वडिलांचे, अप्पांचे, शाळेपासूनचे मित्र; अप्पांना मल्लू म्हणणारे ते एकटेच. अप्पा आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे निदेशक होते. काकांचं स्टेशनजवळ आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं आणि नंतर कॉम्प्युटरचं दुकान होतं. दोघांनी मिळून गावोगावच्या दूध डेअऱ्यांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता, त्याचं नाव ‘धारोष्ण’. डेअरीत आलेल्या दुधाचं माप, फॅट आणि दर यांचा हिशेब करून ते आणणाऱ्याच्या हातात छापील स्लिप देणारा. तो त्यांनी ओपन सोर्स ठेवला होता. फुकट तर होताच, शिवाय त्याचं आतलं सगळं लिखाण कुणालाही वाचायला, वापरायला, बदलायला मोकळं होतं. अट एकच. बदल करून पुढे दिलात, तर तेही असेच मोकळे ठेवायचे. काका त्याला गावविहीर म्हणायचे. पाणी कुणीही न्या, रहाट सुधारा, पण वर झाकण घालून कुलूप लावायचं नाही.

त्यातून पैसे मिळवायचा प्रयत्न अप्पांनी केला नाही असं नाही. प्रोग्रॅम फुकट, पण देखभालीची वर्षाची फी घ्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. डेअरीचे सेक्रेटरी म्हणायचे, “फुकट आहे म्हणालासा की सर. मग दुरुस्ती कशी इकत?” पहाटे संकलन अडलं की फोन यायचा. अप्पा स्कूटर काढायचे, यंत्र चालू करून द्यायचे आणि फीऐवजी किटलीभर दूध घेऊन परत यायचे. आमच्या घरात दूध कायम जास्त असायचं. आई खवा करायची, चक्का बांधायची, शेजारी वाटायची, तरी उरायचं. “लोकांचे नवरे पगार आणतात,” ती म्हणायची, “आमच्यात पगार नासतो.”

तेव्हा सगळे हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं काका.

बिडकरांनी बॅगेतून कागद काढून टीपॉयवर ठेवला. “मॅडम, मगदूम सर बोलायला तयार नाहीत, म्हणून मीच सांगतो. आमच्या कंपनीला धारोष्ण घ्यायचंय. ओपन सोर्सच्या अटीवर घेतलं तर आम्ही त्यात जे जे घालू ते सगळं मोकळं ठेवावं लागेल. मग आम्ही विकायचं काय? म्हणून ज्यांनी ज्यांनी ते लिहिलं त्या प्रत्येकाची वेगळी परवानगी लागते. किरकोळ भर घालणाऱ्यांच्या परवानग्या आल्यात. मगदूम सरांची आहे. राहिला शेटे सरांचा भाग. वारस म्हणून तुमची आणि आईंची सही लागेल. मोबदला दोन्ही घरांना सारखा.”

“आणि आम्ही नाही म्हटलं तर?”

“तर मग विषयच संपला. यंत्रांशी बोलणारा सगळा भाग शेटे सरांचा आहे. तो काढून नवा लिहिण्यापेक्षा कंपनी दुसरं काहीतरी बघेल.” ते थांबले आणि काकांकडे पाहून म्हणाले, “म्हणजे सरांनाही काही मिळणार नाही.”

काका मान खाली घालून गुडघ्यावरची सुरकुती सारखी करत होते.

हेच बोलणं या घरात आधी एकदा झालं होतं. अप्पांचा आजार उलटला तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी एक नवं इंजेक्शन सुचवलं होतं. बरे होतील असं ते म्हणाले नव्हते. काळ मिळेल म्हणाले होते. त्याचा खर्च ऐकून आई आणि मी परतीच्या गाडीत एकमेकींशी बोललो नाही. अप्पांची पेन्शन होती. माझी नोकरी तासिका तत्त्वावरची, सुट्टी आली की पगार बंद. त्याच सुमाराला या कंपनीनं पहिल्यांदा विचारणा केली होती. आई त्या आठवड्यात पुन्हा देवापुढे गाणी म्हणायला लागली होती.

एका दुपारी अप्पा काकांच्या दुकानात जाऊन आले. शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि आमच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, “सुकुमार नाही म्हणतो. त्याला तत्त्व आडवं येतंय.”

आई तेव्हाच चप्पल घालून निघाली होती. “मी त्यांच्या पाया पडते,” म्हणाली. अप्पांनी तिला दारात अडवलं. “तिकडं जायचं नाही. माझी शपथ आहे तुला.” आई गेली नाही. काकांनी येणं बंद केलं. जुनंच औषध चालू राहिलं, मग तेही थांबलं.

त्याच्या पुढच्या ज्येष्ठात अप्पा गेले. आमच्या लिंगायतांच्या रुद्रभूमीच्या फाटकाशी काका लांब उभे होते, हातात बेलाची पानं घेऊन. आईनं माझ्या मामांना सांगितलं, “मगदूमला माती टाकू द्यायची नाही.” मामा जाऊन काहीतरी बोलले. काकांनी पानं फाटकाच्या खांबावर ठेवली आणि ते परत गेले.

आणि आता ते आमच्या खुर्चीवर बसले होते.

“बरी आठवण झाली सहीची,” स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. “तत्त्व कुठं ठेवून आले म्हणावं? दुकानात विसरलं काय?”

“दुकान विकलं, वहिनी,” काका आवाजाच्या दिशेनं म्हणाले.

“वहिनी म्हणायचं नाही मला.”

बिडकर अस्वस्थ झाले. “आपण हवं तर परत कधी—”

“नको,” मी म्हणाले. “काका, मला एकच सांगा. तेव्हा तुम्ही नाही का म्हणालात?”

“जुनं कशाला उकरतेस गिरिजा.”

“मला ऐकायचंय.”

“चुकलं माझं.”

“हे उत्तर नाही झालं.”

“एवढंच आहे की माझ्याकडं.”

“आणि आता तत्त्व आडवं येत नाही?”

“आता दिसतच नाही काही, तर आडवं काय येणार?” ते किंचित हसले, पण कुणी हसलं नाही तसं त्यांनी ते आवरलं. “काचबिंदू आहे गं. एक डोळा गेला. दुसऱ्यानं नळीतून बघितल्यासारखं दिसतं. मल्लू गेल्यापासून सगळ्या डेअऱ्यांचे फोन मला. स्क्रीनवरचं मला वाचता येत नाही, म्हणून तुझी काकू, त्रिशला, शेजारी बसते. तिला बिचारीला त्यातलं काय कळतंय? एकेक अक्षर वाचून दाखवते. कंस उघडला, कंस मिटला, दोन टिंबं, असं. परवा एक कंस राहिला तिचा वाचायचा, तर कवठ्याच्या डेअरीत सगळ्यांचं दूध शून्य दाखवायला लागलं. लोकांनी आईबहिणीवरनं शिव्या दिल्या मला फोनवर.”

“मग बंद करायचं,” मी म्हणाले.

“बंद कसं करायचं? पहाटे लोक किटल्या घेऊन उभे असतात.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “माझ्याच्यानं होत नाही आता. कुणीतरी घ्यावं. आणि मला पैसेही पाहिजेत, खोटं कशाला बोलू. उरलेल्या डोळ्याचं बघायचं आहे.”

मी कागद बिडकरांच्या बाजूला सरकवला.

“मी सही करणार नाही. आईही करणार नाही.”

“बरं,” काका म्हणाले, जणू बस चुकली एवढंच झालं होतं. खुर्चीचा हात धरून ते उठले. “चला बिडकर.”

बिडकर उठले नाहीत.

“सर, एक मिनिट. मॅडम, मला यात पडायचा अधिकार नाही, पण हे काय चाललंय मला खरंच कळत नाहीये. सरांनी नाही कधी म्हटलं?”

“बिडकर, चला म्हटलं ना.”

“नाही सर, कंपनीच्या बाजूनं तेव्हाही मीच होतो.” ते माझ्याकडे वळले. “मगदूम सरांची सही पहिल्या दिवशी झाली. त्यांच्या दुकानात, मी स्वतः घेतली. उलट मलाच म्हणाले, लवकर करा, माझ्या मित्राला गरज आहे. नकार शेटे सरांचा आला. फोनवर मला म्हणाले, स्लिपवरचा दुसरा आकडा काढणार असाल तर माझी सही मिळणार नाही.”

स्वयंपाकघरात काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. आई दारात येऊन उभी राहिली.

स्लिपवरचा दुसरा आकडा म्हणजे काय ते आम्हा दोघींना माहीत होतं. डेअरीत दुधाला दर फॅटवर मिळतो, पण फॅटचं यंत्र जो आकडा दाखवतं तोच स्लिपवर येतो असं नाही. सेक्रेटरी तो हातानं बदलू शकतो, आणि बदलतो. कुणाचा कमी करायचा, कुणाचा वाढवायचा, हे गावच्या राजकारणावर ठरतं. अप्पांनी प्रोग्रॅममध्ये अशी सोय केली होती की सेक्रेटरीनं आकडा बदलला तर स्लिपवर त्याच्या शेजारी यंत्रानं दिलेला मूळ आकडाही छापला जाई. बदलायला बंदी नव्हती. फक्त लपवता येत नव्हतं. सगळ्या धारोष्णमध्ये सेक्रेटऱ्यांना नको असलेली तेवढीच एक गोष्ट होती.

“तुम्ही जरा गाडीत बसता का?” मी बिडकरांना म्हणाले.

ते गेले. कागद टीपॉयवरच राहिला.

आई म्हणाली, “हा माणूस काय म्हणाला?”

काका उभेच होते. “त्याचं काय ऐकताय तुम्ही. कंपनीची माणसं—”

“मगदूम,” आई म्हणाली. “माझ्याकडं बघून सांगा.”

“बघून सांगायला दिसत नाही मला नीट.”

“मग न बघता सांगा.”

काका खाली बसले. बाहेर बारीक पाऊस होता आणि खोलीत अंधारून आलं होतं. मी ट्यूब लावली.

“दुकानात आला होता,” ते म्हणाले. “मला वाटलं सही करूनच आलाय. मी पेढे मागवले होते. म्हणाला, सुकुमार, मी नाही म्हणून सांगितलं त्यांना. मला वाटलं चेष्टा करतोय. मग भांडलो आम्ही. गिऱ्हाईक होतं दुकानात, ते उठून गेलं. मी म्हटलं, मल्लू, साल्या, दुधाच्या फॅटसाठी मरतोस? लोक देवासाठी मरतात, देशासाठी मरतात, तू फॅटसाठी?”

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणाला, मी पहाटे जातो ना दुरुस्तीला. बायका स्लिप घेतात आणि बल्बखाली थांबून वाचतात. आधी कमरेला खोचून चालू लागायच्या. आता थांबतात.” काकांनी हात उलटे केले. “एवढंच. मला वाटलं पुढं काहीतरी सांगेल. नाही सांगितलं. बायका थांबतात, बस.”

आई भिंतीला टेकली.

“मी पाया पडलो त्याच्या,” काका म्हणाले. “खोटं नाही सांगत. दुकानात, शटर अर्धं ओढून. म्हटलं, तो आकडा आपण परत लिहू, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये लिहू, तू आधी जग. म्हणाला, कोण लिहिणार? मी वर्षभर जगणार त्या इंजेक्शनवर, तेही झोपून. आणि तुला कंस दिसेनात आत्तापासूनच.”

“मग तुमचं नाव का सांगितलं?”

काकांनी मान हलवली.

“सांगा की,” मी म्हणाले.

“ते मीच हो म्हटलं त्याला. जाताना दारात थांबला. म्हणाला, घरी काय सांगू? खरं सांगितलं तर दोघी माझ्यावर चिडतील, आणि मला थोडेच दिवस आहेत, तेवढे रागात नकोत रे. तुझ्यावर चिडू देत. तुला सवय आहे शिव्या खायची, एवढी वर्षं डेअरीवाल्यांच्या खातोस.” काका हसले. “मी म्हटलं, जा. सांग माझं नाव. मला वाटलं, चार-सहा महिन्यांनी तोच सांगून टाकेल तुम्हाला. नंतर तो बोलायच्याच अवस्थेत राहिला नाही, असं कानावर आलं. आणि तो गेल्यावर मी कसं सांगायचं? मेलेल्या माणसाच्या घरात जाऊन सांगायचं, की मी नाही, तो?”

अप्पांचे शेवटचे महिने मला आठवत होते. आई त्यांच्या उशाशी बसून मगदूमला शिव्या द्यायची, आणि अप्पा डोळे मिटून ऐकत असायचे. एकदा मी त्यांना म्हणाले होते, “काकांनी असं करायला नको होतं.” ते म्हणाले होते, “माणसं असतात तशी असतात. पाणी दे.” मी पाणी दिलं होतं.

“मला विचारलं नाही,” आई म्हणाली.

ती कुणाशी बोलत होती ते कळत नव्हतं.

“एक शब्द विचारला नाही मला. कुठल्या गावच्या बायका स्लिप वाचतात, त्यांचं पडलेलं होतं. मी रोज रात्री पाठ चोळत होते, मी कोण होते? मी बाई नव्हते?” तिनं पदर तोंडाशी नेला, पण रडली नाही. “आणि या माणसाला मी मातीसुद्धा टाकू दिली नाही.”

“ते जाऊ दे, वहिनी.”

“जाऊ दे काय जाऊ दे?” ती टीपॉयपाशी आली, वाकली आणि कागद उचलला. “कुठं करायची सही? गिरिजा, पेन दे.”

“वहिनी, रागाच्या भरात नका करू.”

“रागानंच करतेय मी. दोन वर्षं चुकीच्या माणसावर केला. आज बरोबरचा सापडलाय, तर तो गेलाय.”

पेन मी दिलं नाही. तिनं ते फोनजवळच्या पेल्यातून स्वतः घेतलं. पार्वती मल्लिकार्जुन शेटे असं तिनं सावकाश, शाळेत गिरवल्यासारखं लिहिलं. नवऱ्याच्या नावापाशी तिचा हात थांबला नाही. मग तिनं कागद आणि पेन माझ्यासमोर ठेवलं.

काका म्हणाले, “गिरिजा, तू घाई करू नकोस. मला एक कळतंय, ते ऐक. तेव्हाची माझी सही तो जगावा म्हणून होती. आत्ताची मी जगावं म्हणून आहे. यात फरक आहे. तो नाही म्हणून गेलाय, आणि तुला ते पुढं चालवायचं असेल तर मी तोंडातनं शब्द काढणार नाही. त्रिशलाला सांगीन, बस बाई, वाच कंस.”

मी खिडकीतून बिडकरांना हाक मारली. ते वर आले तेव्हा खांदे भिजले होते. मी विचारलं, “तो दुसरा आकडा ठेवाल का तुम्ही?”

खोटं बोलणं त्यांना सोपं होतं. ते बोलले नाहीत. “माझ्या हातात नाही मॅडम. विकत घेणार सेक्रेटरी, त्यांना तो नकोय. सुरुवातीला राहील कदाचित.”

“लिहून द्याल?”

“नाही.”

टीपॉयवर आईची सही अजून ओली दिसत होती. अप्पांनी सगळं पणाला लावून जे राखलं, ते एका सहीनं जाणार होतं. नाही म्हटलं असतं तर ते राहिलं असतं, एका आंधळ्या होत चाललेल्या माणसाच्या आणि त्याला अक्षरं वाचून दाखवणाऱ्या त्याच्या बायकोच्या जिवावर. अप्पांनी आपलं मरण निवडलं, तेव्हा आम्हाला विचारलं नव्हतं. पण काकांना त्यांनी विचारलं होतं, दारात उभं राहून, आणि काका हो म्हणाले होते.

मी सही केली.

तो आकडा वर्षभरात गेला. मी नंतर कधी त्या बाजूच्या गावात गेले आणि डेअरीवरून जाणं झालं, तर कुणाची तरी स्लिप मागून बघते. नव्या स्लिपा गुळगुळीत असतात, वर कंपनीचं चित्र असतं, आणि फॅटपुढे एकच आकडा असतो. जुना धारोष्ण अजूनही इंटरनेटवर तसाच मोकळा आहे, दुसऱ्या आकड्यासकट. कुणीही उतरवून घ्यावा आणि चालवावा. इतक्या वर्षांत कुणी घेतलेला नाही.

त्या संध्याकाळी बिडकरांनी कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला, आम्हा दोघींना नमस्कार केला आणि ते म्हणाले, “सर, तुम्हाला सांगलीला सोडतो वाटेत.” काका चप्पल शोधत होते, पायानं चाचपून. एक सापडली, दुसरी सापडेना.

“भावजी,” आई म्हणाली. दोन वर्षांत तिच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता. “जेवून जायचं. मी पूजा उरकते, पाच मिनिटं. सोमवारचं आहे, कांदा-लसूण नाही कशात. मुगाची आमटी आहे, भात आहे. बटाटासुद्धा नाही.”

“नको वहिनी, त्रिशला वाट बघत असेल.”

“तिला फोन करते मी. बिडकर, तुम्ही व्हा पुढं. त्यांना गिरिजा सोडेल.”

बिडकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते जिना उतरून गेले.

आईनं पूजा केली नाही. ती थेट ओट्याशी गेली आणि ताट घेतलं. भात वाढल्याचा, आमटीच्या पळीचा आवाज आला. मग ताट हातात घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली आणि थबकली. तिचं लक्ष खिडकीकडे गेलं होतं. जैन माणूस, त्यात चातुर्मास चाललेला. सूर्य मावळल्यावर काका पाण्याचा थेंबही घेत नसत. अप्पांच्या लग्नातही ते दिवस कलायच्या आत एकटे जेवून उठले होते, असं आईच आम्हाला सांगायची.

काकांनाही ते त्याच क्षणी आठवलं असावं. त्यांनी मान वर केली आणि खोलीत सगळीकडे फिरवली, ट्यूबकडे, भिंतीकडे, पुन्हा ट्यूबकडे. खिडकी त्यांना सापडली नाही.

“गिरिजा,” ते म्हणाले, “बाहेर उजेड आहे का गं अजून?”

खिडकीबाहेर रस्त्यावरचा दिवा लागला होता. त्याच्याखाली पावसाच्या रेघा दिसत होत्या, आणि त्याच्या पलीकडे काहीच दिसत नव्हतं. आई ताट घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

“आहे काका,” मी म्हणाले. “थोडा आहे.”

ते काही वेळ बसून राहिले. मग त्यांनी हात पुढे केले, ताट कुठून येईल याचा अंदाज घेत.

“मग वाढा, वहिनी,” ते म्हणाले. “लवकर वाढा.”